कप्तानच्या होडीची मागची फळी

माझ्या नणंदेला होड्यांचा सगळा धक्का कप्तान म्हणतो. मी वन्सं म्हणते, तेही तोंडावर. मनात काय म्हणते ते विचारू नका.

तिच्याबद्दल कुणी चांगलं बोललं नाही असा दिवस मी अजून पाहिलेला नाही. दूधवाला बोलतो, पोस्टमन बोलतो, पलीकडच्या शाळेतल्या दोघी बाई तर बोलायला लागल्या की थांबत नाहीत. भाजी घ्यायला जावं तर भाजीवाली पिशवीत टाकता टाकता विचारते, तुमची कप्तान बरी आहे ना? माझी तब्येत कुणी विचारत नाही. तेव्हा मी आता जे सांगणार आहे त्यात तिची स्तुती येईल, ती त्या लोकांची समजा. मी जसं घडलं तसं सांगते. मध्ये मध्ये माझा जळफळाट दिसला तर दिसू दे, मी काही तो झाकून ठेवलेला नाही.

ती या काठाची, दिलेली पलीकडच्या काठाला. नवऱ्याची ॲल्युमिनियमची होडी होती, दहा-बारा माणसं बसतील एवढी, मागे इंजिन. पुलावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून माणसं, दुधाचे कॅन, खाटा, कपाटं, शेळ्या, सगळं त्या होडीतून इकडचं तिकडे व्हायचं. छातीच्या दुखण्याने तो माणूस गेला तेव्हा ही अजून तरुण होती. मूलबाळ नाही. सगळ्यांनी सांगितलं, होडी विकून टाक आणि भावाकडे जाऊन राहा. मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली, पण मनातून मला ते नको होतं. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांच्या लेकीचं कौतुक मी तिच्या पाठीमागेच पुरेसं ऐकत होते, ते आता समोरासमोर ऐकावं लागणार होतं.

पण तिने कुणाचंच ऐकलं नाही. थोड्याच दिवसांत धक्क्यावर येऊन तिने इंजिनाची दोरी ओढली. पहिल्यांदा कुणी बसेना. बाईच्या हातात जीव कसा द्यायचा म्हणून पुरुषही काठावर आणि बायकाही काठावर. ही रिकामी होडी घेऊन पलीकडे गेली, रिकामी परत आली, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा निघाली, दिवसभर तसंच. शेवटी पोस्टमन बसला, कारण त्याची पिशवी काठावर थांबून चालणार नव्हतं. त्याला बुडालेला कुणी पाहिला नाही, मग हळूहळू बाकीचे बसले.

त्यानंतर एक ठेकेदार आला, अंगाने भरपूर. तो होडीच्या कडेवर बसून पाय हलवायला लागला. हिने भर पाण्यात इंजिन बंद केलं आणि सांगितलं, वजन मध्ये आल्याशिवाय होडी हलणार नाही. त्याने आधी डोळे वटारले, मग ओरडून पाहिलं, आणि शेवटी मुकाट्याने खाली, दुधाच्या कॅनांच्या मधोमध मांडी घालून बसला. त्या दिवसापासून ती कप्तान झाली. हा किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की त्यातला ठेकेदार दर वेळी थोडा थोडा जाड होत चाललाय.

आता आमच्या घराचं सांगते. आमचे हे होड्या दुरुस्त करतात, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. घराला लागूनच शेड आहे, वर पत्रे, पाण्याच्या बाजूने उघडी. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी या शेडमध्ये मला पहिलं काम दिलं ते होडीच्या आत बसायचं. होडीला बोल्ट लावायचा म्हणजे दोन माणसं लागतात. एक बाहेर, एक आत. बाहेरचा भोक पाडतो, बोल्ट घालतो, कसतो. आतला पाना लावून नट घट्ट धरून ठेवतो, नाहीतर बोल्टबरोबर नटही गरागरा फिरत बसतो. बाहेरच्याला मिस्त्री म्हणतात. आतल्याला काही म्हणत नाहीत.

इतकी वर्षं मी आत बसले. उन्हात ॲल्युमिनियम तव्यासारखं तापतं, आणि मान वाकडी करून बसावं लागतं. कुठला नट किती आकड्याचा ते मला बोटांनी कळतं. बाहेरून हे म्हणायचे, "धर." मी धरायची. मग म्हणायचे, "सोड." मी सोडायची. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या दोन शब्दांत झालंय. तक्रार नव्हती माझी. म्हणजे होती, पण ती कुणी आत वाकून ऐकली नाही. मला ते ड्रिल हवं होतं. सुरुवातीला एकदा मी हात पुढे केला तर हे म्हणाले होते, अगं, भोक वाकडं गेलं की लाकूड फुकट जातं. मी हात मागे घेतला, आणि पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या वर्षी हे ओल्या फळीवरून घसरले. उजवा खांदा निखळला, तो बसवला, पण पहिल्यासारखा काही झाला नाही. हात खांद्याच्या वर जात नाही आणि ड्रिल धरलं की थरथरतो. डॉक्टरांनी सांगितलं, जड काम सोडा. शेड बंद करायची तर खायचं काय, आणि मुख्य म्हणजे ह्यांनी दिवसभर करायचं काय? आमचा मुलगा दूरच्या गावी नोकरीला, त्याला होडीत बसलं की मळमळतं. तेव्हा बाहेरच्या बाजूला कुणीतरी उभं राहायला हवं होतं, हे उघड होतं. मला वाटलं, आता तरी ह्यांची नजर माझ्याकडे वळेल. मी त्या दिवसांत शेडमध्ये उगाचच जास्त वेळ उभी राहायची, ड्रिलची वायर गुंडाळून ठेवायची, पाती पुसून ओळीने लावायची. ह्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, किती स्वच्छ केलंस गं.

आणि मग कप्तान आली. होडी दुसऱ्या होडीला बांधून ओढत आणली होती, कारण इंजिन चालू केलं की मागची फळी डुगडुगत होती. ॲल्युमिनियमच्या होडीला मागे लाकडाची जाड फळी असते, तिच्यावर इंजिन अडकवतात. सगळं ओझं आणि सगळा धक्का ती एकटी झेलते. दोन्ही बाजूंनी पत्रा असल्यामुळे ती दिसत नाही, म्हणून तिची आठवणही कुणाला येत नाही. ह्यांनी डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला.

फळी कशाने कुजली ते मला बघताक्षणीच कळलं. कप्तानने दुधाच्या कॅनांची दोरी बांधायला वरच्या कडेत दोन आकडे ठोकले होते, सरळ लाकडात, ना पाणी अडवायला सीलंट, ना काही. त्या भोकांतून पाणी आत मुरत राहिलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ह्यांनी त्याची खरडपट्टी काढली असती. एका कोळ्याला ह्यांनी एवढ्याशा खिळ्यावरून अख्खी दुपार सुनावलं होतं, तो अजून आमच्या दारावरून जाताना मान खाली घालतो. आणि बहिणीला काय म्हणाले? चालायचंच. तिने येताना लाकडाच्या वखारीतून हिरवट रंगाची फळी आणली होती, औषध पाजलेली, कीड लागू नये म्हणून. ते औषध ॲल्युमिनियमला खातं, पत्र्याला भोकं पाडतं, हे आमच्याकडे मलासुद्धा माहीत आहे. त्यावर हे हसले. हसले! म्हणाले, आण इकडे, कोंबड्यांच्या खुराड्याला होईल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चहा ठेवायला आत निघून गेले आणि कप जरा जोरातच आपटले.

होडी दुरुस्त होईपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. सकाळी माझ्या आधी उठून शेड झाडायची. जेवताना तीन वेळा मागून घ्यायची आणि वर म्हणायची, वहिनी, तुझ्या हाताला चव आहे. बरं, तेही मनापासून म्हणायची, म्हणजे रागवायचीसुद्धा सोय नाही. दोघं भावंडं शेडमध्ये काम करायची आणि मला स्वयंपाकघरात हसणं ऐकू यायचं. जो माणूस माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलतो तो तिला लहानपणीच्या गोष्टी सांगत होता, कोण कुठे पडलं, कुणी कुणाचा मार खाल्ला. त्या गोष्टींतल्या निम्म्या मी पहिल्यांदा ऐकल्या, भिंतीपलीकडून, कांदा चिरता चिरता. डोळ्यांतून पाणी आलं तर कांद्यावर ढकलता येतं, एवढी एक सोय होती.

पण खरं दुःख त्याचं नव्हतं. इंजिन उतरवलं, वरची पट्टी काढली, रिव्हेट कापले, आणि कुजलेलं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं मुठी मुठीने बाहेर यायला लागलं. रिव्हेट कापले कुणी? कप्तानने. ह्यांनी ड्रिल तिच्या हातात दिलं. कोपर कसं अंगाशी ठेवायचं, जोर किती लावायचा, कधी थांबायचं, सगळं शेजारी उभं राहून शिकवलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला म्हणाले, तू जा, दमशील, आज तुझी गरज नाही. इतकी वर्षं आत बसून दमले नाही ती बाई दारात उभी राहून दमणार होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाळलेले कपडे काढत होते. शेडच्या मागेच दोरी आहे. हे तिला सांगत होते, "होडी विकून टाक आणि इथेच ये. बाहेरचं काम तू सांभाळ, मी सांगत बसेन. माझ्यानंतर शेड तुझीच."

ती काय म्हणाली ते ऐकायला मी थांबले नाही. कपडे अर्धे दोरीवरच राहिले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी गेली. ज्या शेडमध्ये मी माझे गुडघे झिजवले ती शेड उचलून बहिणीला! मला शेडची मालकी नको होती. मालकी कागदावर कुणाचीही असो. मला बाहेरच्या बाजूची जागा हवी होती, हातात ड्रिल घेऊन. ती एकच गोष्ट मी या घरात मनातल्या मनात मागितली होती आणि ती माझ्यासमोरून दुसऱ्या बाईला वाढली जात होती. रात्री ह्यांनी विचारलं, बोलत का नाहीस? मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यांनी बाम आणून दिला.

नवी फळी ह्यांनी चांगल्यातली निवडली. पाण्यात टिकणारा प्लायवूड, दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून जाड केलेला, क्लॅम्प लावून दाबून ठेवलेला. कडा गोल केल्या. खालची कड तिरकी घासावी लागते, कारण होडीचा मागचा भाग सरळ उभा नसतो, जरा कललेला असतो. एकदा ती कड घासली की फळी उलटवता येत नाही. आतली बाजू ती आतली, बाहेरची ती बाहेरची. ह्यांनी फळीवर खडूने मोठ्ठं "आत" लिहिलं.

आता भोकांचं. ह्यांची एक पद्धत आहे, सासऱ्यांपासून चालत आलेली. बाकीचे लोक फळी होडीत बसवतात आणि बाहेरून धडाधड भोकं पाडतात. हे तसं करत नाहीत. हे आधी फळी टेबलावर ठेवून प्रत्येक भोक लागतं त्यापेक्षा मोठं पाडतात, ते सगळं इपॉक्सीने भरून टाकतात, आणि ते दगडासारखं कडक झालं की त्याच्या बरोबर मधून पुन्हा बारीक भोक पाडतात. म्हणजे बोल्टच्या बाजूला लाकूड येतच नाही, पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. डबल मेहनत, पण ह्यांनी बसवलेली फळी कुजून परत आल्याचं मी पाहिलेलं नाही.

टेबलावर भोकं पाडायची तर ती कुठे ते आधी कळायला हवं. त्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना काढतात. हे काम कायम माझं. मी होडीत आत बसून पत्र्यावर पुठ्ठा दाबून धरायची, एकेक भोक बोटाने चाचपायची आणि पुठ्ठ्यावर त्या जागी पेन्सिलने गोल काढायची. मग हे तो पुठ्ठा पेन्सिलची बाजू वर करून फळीच्या "आत" लिहिलेल्या बाजूवर ठेवायचे. डोळे झाकून ठेवायचे म्हटलं तरी चालेल, कारण कधी बदल झालाच नव्हता.

या वेळी नमुना कप्तानने काढला. मी स्वयंपाकघरात होते, बोलावलं कुणी नव्हतं. ती होती बाहेर उभी, तर तिने पुठ्ठा बाहेरूनच लावला आणि बाहेरूनच खुणा केल्या. तिला काय माहीत? तिला कुणी सांगितलंच नाही, कारण ह्यांनाही ते सांगण्यासारखं आहे हे ठाऊक नव्हतं. नमुना आतून निघतो हे ह्यांच्या लेखी सूर्य उगवतो तसं होतं. कोण आत बसतं म्हणून तो आतून निघतो, याचा विचार ह्यांनी जन्मात केला नव्हता.

मी चहा घेऊन गेले तेव्हा पुठ्ठ्यावरच्या खुणा फळीवर उतरवून झाल्या होत्या. ह्यांनी सवयीने पेन्सिलची बाजू वर ठेवली होती. कप्तानने ड्रिलला मोठं गोल पातं लावलं होतं, पाणी काढायच्या भोकासाठी. होडीच्या मागच्या फळीत अगदी खाली एक भोक असतं, त्याला बूच लावतात. होडी काठावर ओढली की बूच काढून आत साचलेलं पाणी सोडून देतात. ते भोक मधोमध नसतं, एका अंगाला असतं. या होडीत ते आतून बघताना डावीकडे आहे. मला ते पाहायची गरज नाही. याआधी दोनदा पत्र्याच्या दुरुस्तीला मी त्या होडीत बसले होते आणि दोन्ही वेळा माझा डावा गुडघा त्या बुचावर आला होता.

फळीवर "आत" लिहिलेल्या बाजूला ती खूण उजवीकडे होती.

मला एका क्षणात सगळं कळलं. नमुना बाहेरून निघाला होता, म्हणून फळीवरच्या सगळ्या खुणा उलट्या होत्या, डावीकडच्या उजवीकडे. एक भोक पडलं की फळी गेली, आणि तिच्याबरोबर घासणं, चिकटवणं, सगळं गेलं. ह्यांच्या पद्धतीत पहिलंच भोक एवढं मोठं की बुजवायचंही नाव नको. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, पडू दे. पडू दे भोक, आणि बघू दे ह्यांना बहिणीचा हात. बघू दे सगळ्या धक्क्याला, कप्तानने फळी वाया घालवली. मी नुसतं दोन कप ठेवून आत गेले असते तरी चाललं असतं. मी काही केलंच नसतं.

ड्रिल सुरू झालं. कप्तान कोपर अंगाशी धरून वाकली. फळी टेबलावर पडली होती, घासून गुळगुळीत केलेली, कडा गोल, एकही गाठ नसलेली. त्या लाकडाशी माझं काय वैर होतं?

"थांबा," मी म्हटलं. "खुणा उलट्या आहेत."

ड्रिल थांबलं. ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग पुठ्ठ्याकडे. पुठ्ठा उचलून होडीला लावून पाहिला, आतून आणि बाहेरून. मग स्टुलावर बसले. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शाबास म्हणतील, निदान बरं झालं म्हणतील. तर हा माणूस मला म्हणतो, "मग आधी का नाही बोललीस?"

इतक्या वर्षांचं साठलेलं माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं ते माझं मलाच कळलं नाही. मी म्हटलं, मला विचारलं कुणी? नमुना काढताना बोलावलं कुणी? आत मी, अंधारात मी, नट धरायला मी, आणि शिकवायची वेळ आली की माणूस पाण्यापलीकडून आणायचा! भिंतीपलीकडे राहते म्हणून मला ऐकू येत नाही असं वाटतं का? शेड द्या कुणाला द्यायची त्याला, पण मला एकदा सांगा, इतक्या वर्षांत माझ्या हातात ड्रिल का नाही दिलं? असं बरंच काही बोलले. चहावर साय धरली तरी मी बोलत होते. शेवटी हात पुढे केला आणि म्हटलं, "ते मला द्या."

हे म्हणाले, "तुला जमेल?"

नाही म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. खरोखरच विचारत होते, जसं एखाद्या नव्या माणसाला विचारावं. तेच जास्त लागलं.

कप्तानने ड्रिल माझ्या हातात दिलं. "धर, वहिनी," म्हणाली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन फळी दाबून धरली. लक्षात ठेवा, दिलं ते तिने. ह्यांनी नव्हे. जिच्यावर मी इतके दिवस जळत होते तिच्याच हातून मला ते घ्यावं लागलं, आणि मी घेतलं. नको म्हणण्याइतकी मोठी मी नाही.

खुणा पुसल्या. मी आत बसून नवा नमुना काढला, बाहेर आले, खुणा उतरवल्या, आणि भोकं पाडली. पहिलं सावकाश पाडलं. नंतरची नाही. लाकडाचा भुसा वर येतो, त्याचा रंग एकसारखा राहिला तर पातं सरळ चाललंय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते पाडता पाडता कळलं. हे स्टुलावर बसून बघत होते.

इपॉक्सी भरलं, ते वाळलं, पुन्हा बारीक भोकं पाडली, सगळ्या फळीला आणि विशेष करून कडांना इपॉक्सीचे हात दिले. मग फळी होडीत बसवायचा दिवस आला. मी बाहेर, बोल्ट आणि सीलंट घेऊन. आत कुणीतरी हवं होतं. कप्तानच आत शिरली, एवढी उंच बाई, घडी घातल्यासारखी दुमडून बसली. मला त्याचा आनंद झाला. आता कळेल म्हटलं.

अर्धे बोल्ट झाल्यावर ती आतून म्हणाली, "वहिनी, दादाने मला इथे राहायला सांगितलं होतं. मी त्याच दिवशी नाही म्हटलंय."

मी बोल्ट कसायची थांबले. का, म्हणून विचारलं.

"दिवसभर एका जागी उभं राहून लाकूड घासायचं? मला वेड लागेल गं. मला पाण्यावर बरं वाटतं."

तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. मला तिचा इतका राग आला की मी तो बोल्ट जरुरीपेक्षा जास्त कसला आणि नंतर सैल करावा लागला. ज्या जागेसाठी मी जळून कोळसा झाले ती तिला नुसती देऊ केली होती, आणि तिने ती कंटाळवाणी म्हणून परत केली होती. जशी एखादी साडी, रंग आवडला नाही म्हणून. मी पुढचा बोल्ट घातला, तिने आतून पाना लावला. चांगला लावला, तेही सांगून टाकते.

होडी पाण्यात सोडली तेव्हा धक्क्यावर गर्दी होती, कप्तान परत जाणार म्हणून. इंजिन चढवलं, त्याचे चिमटे आवळले, होडी खांबाला बांधूनच तिने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. पाणी मागे उसळलं, दोर ताणला, फळी केसभरही हलली नाही. ह्यांनी वाकून बुचापाशी बोट फिरवलं, बोट कोरडं होतं. कप्तानने दोर सोडला आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही फळी माझ्या वहिनीने बसवलीय, तिच्या हातचं एक भोक वाकडं नाही. लोक माझ्याकडे वळले. मी पदराला हात पुसले. दूधवाला म्हणाला, बघा, कप्तानचं मन किती मोठं आहे.

शेडमध्ये परत आलो. हे डाव्या हाताने भुसा झाडत होते. म्हणाले, उद्या रेतीवाल्याची होडी येतेय, तिचीही मागची फळी गेलीय, बाहेरचं तू बघ. एवढंच. तेच शब्द मला इतकी वर्षं हवे होते आणि ते झाडू मारता मारता आले. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला आता कळलाच असेल.

मी विचारलं, "वन्संनी हो म्हटलं असतं तर?"

ह्यांनी झाडू थांबवला. या माणसाला खोटं बोलता येत नाही, माझं मन राखायलासुद्धा नाही. म्हणाले, "तर ती राहिली असती. तू मला सुचलीच नाहीस."

वाईट बोलले नव्हते ते. उगाच लागावं म्हणूनही बोलले नव्हते. खरं होतं तेच सांगितलं, आणि पुन्हा झाडायला लागले.

मी ड्रिल उचललं, त्यातलं पातं काढून पुसलं आणि डब्यात ठेवलं. मग ह्यांना सांगितलं की उद्या आत तुम्ही बसायचं. ते म्हणाले, अगं, माझा खांदा. मी म्हटलं, पाना धरायला खांदा वर न्यावा लागत नाही, मला चांगलं माहीत आहे.